सांगाडा आणि निष्ठा

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावच्या शिवारात अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या पायात काटा रुतला, की ती कळ कण्यापर्यंत नेणारा चेतातंतू सुमारे एक मीटर लांब असतो. आणि तो एकाच पेशीचा असतो. पेशीचा गाभा कण्यापाशी, टोक तळव्यात. एवढ्या दूर रसद पोहोचते ती आतल्या प्रथिनांच्या सांगाड्यावरून. ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका म्हणजे त्या वाटा. किनेसिन त्यांवरून माल टोकाकडे नेते, डायनेइन तो माघारी आणते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या वाहक प्रथिनांचा अभ्यास करणारे रूप मलिक यांना २०१४ साली भटनागर पुरस्कार लाभला.

चेतापेशी बहुधा जन्मभर साथ देते. तेव्हा तिचा सांगाडा चिरेबंदी असेल, असे आपल्याला वाटते. पण नलिका वाढतात, अकस्मात उलगडतात आणि पुन्हा उभ्या राहतात, हे मिचिसन व कर्शनर यांनी १९८४ साली दाखवून दिले. चेतातंतूत त्यांचा काही भाग टिकाऊ, तर काही सतत बदलणारा असतो. त्यांचे वाढते टोक मात्र बाहेरच्या दिशेलाच राहते. घटक बदलतात, दिशा बदलत नाही.

पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतील कोल्चिसीन हे विष या नलिका जुळूच देत नाही. उलट टॅक्सॉल त्यांना उलगडू देत नाही, असे सुझन हॉर्विट्झ यांना १९७९ साली आढळले. कर्करोगावर ते मोलाचे औषध ठरले. पण ते घेणाऱ्या अनेकांचे हातपाय बधिर होतात. सांगाडा विस्कटला तरी घात, गोठला तरी घात.

पेशीला पापपुण्य नसते. तिच्यावरून नीतीचा निर्णय लावता येणार नाही. तरीही एक प्रश्न मनात येतो : निष्ठा म्हणजे काहीच न बदलणे काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिन मिस्सा आपल्या मायबोलीत आली, तेव्हा अनेक वडीलधाऱ्यांना आधार सुटल्यासारखे वाटले. वेदीवरील अर्पण मात्र तेच राहिले. आज मुले नोकरीनिमित्त दूर आहेत आणि सायंकाळच्या जपमाळेची ठरलेली वेळ कित्येक घरांत पाळता येत नाही. वेळेचा आग्रह धरावा, की प्रार्थनाच सोडून द्यावी? दोन्ही मार्ग सोपे आहेत. वेळ बदलून प्रार्थना राखणे कष्टाचे आहे, आणि ते रोज नव्याने करावे लागते.

काय राखावे आणि काय उलगडू द्यावे, हे ठरवताना एवढेच पाहावे : कुटुंबाच्या, धर्मग्रामाच्या अगदी टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या पायात काटा रुतला, तर त्याची कळ आपल्यापर्यंत पोहोचते काय?