घर कोणाचे? तंजावरची वास्तू आणि तिचे हक्कदार

जमिनीचे खरेदीखत झाले, तमिळनाडूच्या रिवाजाप्रमाणे पट्टा, म्हणजे जमिनीचा सरकारी उतारा, नावावर चढला, तरी जागा मोकळी झाली असे वास्तुशास्त्र मानत नाही. तिथे आधीपासून कोणीतरी राहते. मत्स्यपुराणातील कथेनुसार अंधकासुराशी लढताना शिवाच्या घामातून एक अक्राळविक्राळ जीव जन्मला. तो त्रैलोक्य गिळू लागला, तेव्हा देवांनी त्याला जमिनीवर पाडले आणि ज्याने जो अवयव दाबला तो तिथेच ठाण मांडून बसला. बदल्यात त्याला हक्क मिळाला : घर बांधणाऱ्याने त्याला बली द्यायचा. हाच वास्तुपुरुष. सहाव्या शतकातील वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ आणि दक्षिणेतील ‘मयमत’ या दोन्ही ग्रंथांत त्याच्या अंगावर 81 पदांची चौकट आखून 45 देवता बसवल्या आहेत.

घर बांधणे म्हणजे दुसऱ्याच्या जागेत शिरणे, ही कबुली या ग्रंथांत उघड दिलेली आहे. लाकडासाठी झाड तोडण्यापूर्वी त्यावर राहणाऱ्या जिवांना बली घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड करण्याची विनंती बृहत्संहिता सांगते. मयमतात भूमी ताब्यात घेताना भूतांना, देवतांना आणि राक्षसांनाही तसेच विनवले जाते. देव आणि राक्षस एकाच अर्जात, हे विशेष. ज्यांना हलवायचे ते चांगले की वाईट, हा प्रश्न इथे उठतच नाही. ते आधी आले एवढे पुरते.

तमिळ पंचांगाने या विनवणीची वेळही नेमून दिली आहे. वास्तुपुरुष वर्षातले 8 दिवस जागा होतो, तोही पावणेचार घटका, म्हणजे 90 मिनिटे. त्यात तो दात घासतो, स्नान करतो, पूजा करतो, जेवतो आणि विडा खातो; प्रत्येक कामाला 18 मिनिटे. भूमिपूजन तो जेवत असताना किंवा विडा चघळत असताना करायचे. घरमालकाचे पोट भरल्यावर अर्ज पुढे सरकवण्याची ही व्यवहारी अक्कल आहे. आनी, पुरट्टासी, मार्गळी आणि पंगुनी या महिन्यांत मात्र तो उठतच नाही. मराठी वास्तुशांतीत त्याची छोटी धातूची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात, आणि मग तो ऐकतो आहे असे धरून बोलायचे असते. वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, म्हणून घरात अभद्र बोलू नये.

काम चालू असताना भेटीला येणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच. अर्धवट घर पाहायला आप्तमित्र येतात, कौतुक करतात, आणि नेमकी त्या कौतुकाचीच भीती असते. तंजावरकडे परांचीवर सदरा-विजार घातलेले गवताचे बुजगावणे बांधतात किंवा राक्षसाचे तोंड रंगवलेला कोहळा टांगतात, म्हणजे नजर आधी तिकडे जाते. पाहुण्याला येऊ नका म्हणता येत नाही आणि त्याचा हेवा नाकारताही येत नाही. कोहळा दोन्ही निभावून नेतो.

घरावर हक्क सांगणाऱ्यांचा हा धागा समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या पहिल्या दशकातील दहाव्या समासात पार टोकाला नेला. उंदीर, पाली, माश्या, कोळी, मुंग्या असे एकेक जण घर आपलेच म्हणून सांगतात. त्या यादीत पाहुणे येतात, मित्र येतात, पुढे चोर, राजाची माणसे आणि अग्नीसुद्धा. मालकाचा दावा त्या गर्दीत कुठेच उठून दिसत नाही. रामदासी संप्रदाय तंजावरात रुजला. समर्थांचे शिष्य भीमस्वामी यांचा मठ तिथे होता. व्यंकोजी राजांनी 1670च्या दशकात जिंकलेल्या त्या गावात मालकीचा प्रश्न नुसता पारमार्थिक नव्हता. भोसल्यांचा वाडा मुळात आधीच्या नायक राजांचा, आणि 1803 साली सरफोजी राजांनी आपल्या कुळाचा इतिहास मराठीत कोरवला तो राजराज चोळाने 1010मध्ये पुरे केलेल्या बृहदीश्वराच्या आवारात. 1855 साली वारस नाही म्हणून इंग्रजांनी ते राज्यही खालसा केले. समर्थांच्या यादीतली राजाची माणसे आजही दारात आहेतच : 2010च्या कायद्यानुसार राष्ट्रीय संरक्षित वास्तूपासून 100 मीटरांत नवे बांधकाम होत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते.

समर्थांनी या हक्कदारांच्या गर्दीतून वैराग्याचा निष्कर्ष काढला. गृहस्थधर्म त्याच गर्दीकडे पाहून वाटा काढतो. मनुस्मृतीने चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा अशी घरातली पाच हिंसास्थाने मोजली, त्यांच्या दोषासाठी रोजचे पंचमहायज्ञ सांगितले, आणि त्यांतल्या भूतयज्ञात कुत्रे, कावळे, किडे यांच्यासाठी अन्न जमिनीवर ठेवायला लावले. हा मार्ग तर्काने समर्थांइतका धारदार नाही. मालकी सोडायची नाही आणि ती अपुरी आहे हेही रोज मान्य करायचे, अशी तडजोड त्यात आहे. पण घर बांधून त्यात राहणाऱ्याला यापेक्षा प्रामाणिक भूमिका घेता येईल असे वाटत नाही. तमिळ उंबरठ्यापुढचे कोलम तांदळाच्या पिठाचे काढतात ते मुंग्यांना खायला मिळावे म्हणून, असे तिकडे सांगतात. आता पुष्कळ दारांत दगडाची भुकटी वापरतात; तिच्यात मुंग्यांच्या वाट्याला काहीच येत नाही.