चारशे कृश गाई

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात सत्यकाम जाबालाची कथा आली आहे. तो हारिद्रुमत गौतमांकडे गेला, तेव्हा ऋषींनी त्याला गोत्र विचारले. ते मातेलाही ठाऊक नव्हते. मुलाने आडपडदा न ठेवता तसे सांगितले आणि त्या सत्यवचनावरच गौतमांनी त्याला शिष्य केले. येथवरची कथा सर्वश्रुत आहे; पुढील भागाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. उपनयनानंतर गुरूंनी चारशे कृश, दुर्बळ गाई निवडून त्याच्या स्वाधीन केल्या. त्या हजार झाल्यावाचून परतणार नाही, असा निश्चय करून तो निघाला आणि वर्षानुवर्षे बाहेर राहून हजार गाईंसह परतला. गुरूंनी त्याला आयत्या अन्नावर ठेवले नाही, तसेच रिक्त हस्ताने वनात धाडलेही नाही.

तोच गोत्राचा प्रश्न आज घरमालकाच्या दारात विचारला जातो. बालगृहात वाढलेला मुलगा अठरा वर्षे पूर्ण होताच प्रौढ ठरतो. इतर घरी ज्या दिवशी पेढे वाटतात, त्या सुमारास याला गाठोडे बांधावे लागते. आईवडील कोण, मूळ गाव कोणते, जामीन कोण राहणार, अनामत रक्कम कोठून आणणार? पत्ता नाही म्हणून नोकरी अडते आणि नोकरी नाही म्हणून खोली मिळत नाही. मुलीची अवस्था तर याहून बिकट. एकटी तरुणी म्हटली की दारे आधीच लागतात.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार वर्णिले आहेत. परतफेडीची अपेक्षा न धरता योग्य देशी, योग्य काळी, योग्य व्यक्तीस दिलेले ते सात्त्विक. अवेळी आणि तुच्छतेने दिलेले ते तामस. सणासुदीला बालगृहात मिठाई वाटून छायाचित्रे काढून घेणारे दाते पुष्कळ असतात. तीच मुले उंबरठा ओलांडतात त्या वर्षी मात्र कोणी फिरकत नाही. काळ चुकला, तर मिठाईचा काय उपयोग?

शासनाने हा काळ ओळखला आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 याच्या कलम 46 मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला अर्थसाहाय्य देण्याची तरतूद आहे. 2016 च्या नियमांनुसार असे पाठबळ एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादात्मक प्रसंगी तेविसाव्या वर्षापर्यंत देता येते. सहा ते आठ जणांचे तात्पुरते गटनिवास आणि शिक्षणकाळातील विद्यावेतन यांचाही त्यात समावेश आहे. गटनिवासाची ही योजना शहाणपणाची आहे. दालनात अनेकांच्या सोबतीने निजलेल्या मुलाला रिकाम्या खोलीतील पहिली रात्र खायला उठते. महाराष्ट्रात अशा निवासांना अनुरक्षणगृहे म्हणतात. तेथील शासनाने 2018 मध्ये अनाथांसाठी शिक्षणात व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षणही ठेवले.

येथे कोणी म्हणेल, आपला उद्धार आपणच करावा, हे गीतेचेच सांगणे नव्हे काय? होय, पण सहाव्या अध्यायातील तो उपदेश ज्याने त्याने स्वतःस लावावयाचा आहे, दुसऱ्याच्या तोंडावर दार लावण्यासाठी नव्हे. तो करणारे भगवान त्या वेळी अर्जुनाच्या घोड्यांचे लगाम धरून बसले होते. त्यांनी धनुष्य मात्र हाती घेतले नाही.

गृहस्थाला नेमके हेच करता येते. भाडेकरारावर जामीन म्हणून सही करावी. आरंभीचे काही महिने भाड्याचा निम्मा वाटा उचलावा, पुढे तो उत्तरोत्तर कमी करावा. बँकेत खाते उघडताना सोबत जावे, जमाखर्च लिहावयास शिकवावे. मात्र खोलीची किल्ली त्याच्याच जवळ असावी आणि विजेचे देयक त्यानेच भरावे. एकाने सर्व भार घ्यावा असेही नाही. सत्यकामाला परतीच्या वाटेवर वृषभ, अग्नी, हंस आणि मद्गू पक्षी यांनी ज्ञानाचा एकेक चतुर्थांशच दिला होता.

आणि कधी नोकरी सुटेल, भाडे थकेल. घरच्या मुलाच्या हातून असे घडले, तर बाप चार शब्द रागाने बोलतो आणि ताट वाढायला सांगतो. या तरुणालाही त्या दिवशी जाता येईल असे एखादे घर गावात असावे, आणि तेथे त्याला प्रथम जेवू घालावे. हिशेब सकाळी विचारता येतो.