मुक्या जिवांचें ऋण

प्राण्यांवर प्रयोग करून मिळविलेलें ज्ञान कोणाच्या मालकीचें? संशोधकाच्या, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. पाकिस्तानांत गिधाडें झपाट्यानें मरूं लागलीं, तेव्हां गुरांस दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधाचा संशय आला. बंदिस्त गिधाडांस तें दिल्यावर कांहीं मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं. हा शोध २००४ सालीं प्रसिद्ध झाला. २००६ सालीं भारतानें गुरांसाठीं तें औषध बनविण्यास बंदी केली. निबंध कपाटांतच राहता, तर त्या पक्ष्यांचें मरण व्यर्थच! यशस्वी प्रयोग सारेच मिरवितात. परंतु फसलेला दडपला, तर तीच चूक पुन्हां करण्यांत दुसरा मुका जीव जातो. म्हणून अपयशहि प्रसिद्ध करणें ही आम्ही ऋणफेडच समजतों.