उघडलेली मूठ

आपल्या भाषेंत 'मूठ' हा शब्द मोठा सोयीचा आहे. मिटलेल्या हातालाहि आपण मूठ म्हणतों, आणि तो हात ज्यावर मिटतो त्या काठीच्या, छत्रीच्या किंवा तलवारीच्या भागालाहि मूठच म्हणतों. धरणारें आणि धरलेलें यांना एकच नांव देणाऱ्या आपल्या पूर्वजांनीं एक म्हणहि मागें ठेविली आहे: झांकली मूठ सव्वा लाखाची. हात उघडला कीं किंमत गेली, असा तिचा व्यवहारी अर्थ. ही म्हण गेले कांहीं महिने माझ्या मनांत घोळत आहे, आणि तिला निमित्त झाली एक खरीखुरी मूठ.

माझा एक जुना विद्यार्थी अभियांत्रिकीची पदवी घेऊन नोकरी करीत असतां केवळ हौसेनें तत्त्वज्ञान विषय घेऊन एम्. ए. झाला. गेल्या पावसाळ्यांत तो एके सायंकाळीं घरीं आला तो हातांत म्हाताऱ्या माणसाची काठी घेऊन. त्याची आजी चालतां चालतां दोनदां पडली होती, व दोन्ही वेळां पडण्यापूर्वीं काठी तिच्या हातांतून निसटली होती. म्हणून त्यानें काठीच्या मुठीवरील रबराखालीं धातूची एक पातळ पट्टी बसविली. माणसाचें शरीर विजेचें वाहक असल्यामुळें हात जवळ आला कीं अशा पट्टीची विद्युद्भार सांठविण्याची क्षमता बदलते. तळवा जितका अधिक टेकेल तितका बदल अधिक. तो मोजून पकड घट्ट आहे कीं सैल हें ओळखतां येतें. पहिले कांहीं दिवस ही मूठ नुसती आजीबाईंच्या हाताची संवय शिकून घेते. पुढें त्या संवयीपेक्षां पकड ढिली झाली कीं गुणगुणून त्यांना सावध करते. या युक्तीच्या पेटंटासाठीं त्यानें अर्ज केला होता. त्यावर आलेला परीक्षकाचा अहवाल तो मला दाखवावयास घेऊन आला होता.

अहवालांत तीन जुने कागद पुढें केले होते. पहिला मोटारीच्या चाकाविषयीं: चालकाचे हात चाकावर आहेत कीं नाहींत हें ओळखणारी पट्टी. दुसरा अशा काठीविषयीं, कीं जिचें बटण दाबलें असतां घरच्यांना सूचना जाते. तिसरा पिस्तुलाच्या मुठीविषयीं: धरण्याच्या तऱ्हेवरून मालक ओळखावयाचा व परक्याच्या हातांत पिस्तूल चालूं द्यावयाचें नाहीं. (न्यू जर्सी येथील तंत्रसंस्थेंत अशा बंदुकीवर खरोखरच प्रयोग झालेले आहेत.) हे तिन्ही कागद एकत्र ठेविले असतां अर्जदाराची कल्पना त्या विद्येंतील सामान्य कुशल माणसाला सहज सुचली असती, सबब तींत शोधकता नाहीं, असा निष्कर्ष होता.

मीं अहवाल वाचला, काठी हातांत घेऊन पाहिली, आणि म्हणालों, "अरे, परीक्षकाचें तरी काय चुकलें? प्रत्येकाची पकड निराळी. तेव्हां ज्याची त्याच्याशींच ताडून पाहावयाची. यांत सुचण्यासारखें काय आहे?"

तो हंसला. "सर, माझ्या निबंधावरहि आपण हेंच लिहिलें होतें."

त्या निबंधाची गोष्ट पुढें सांगतों. प्रथम परीक्षकाची बाजू सांगितली पाहिजे, कारण ती लंगडी नाहीं. पेटंट म्हणजे एक करार आहे. शोधकानें आपली मूठ उघडावयाची, म्हणजे युक्ति इतकी स्पष्ट लिहून द्यावयाची कीं दुसऱ्या कुशल माणसाला ती करतां यावी. आणि त्या बदल्यांत राज्यानें त्याला वीस वर्षें तिच्यावर एकट्याचा हक्क द्यावयाचा. हा हक्क इतरांच्या हातांवर बंधन घालतो. म्हणून ज्यानें समाजाला नवें असें कांहींच दिलें नाहीं त्याला तो देणें म्हणजे कारखान्यांतील सर्व अनामिक कारागिरांच्या खिशांत हात घालणें होय. ते कारागीर अर्जाच्या वेळीं हजर नसतात. त्यांची बाजू परीक्षकानें मांडली नाहीं तर कोणी मांडावयाची?

योगायोग असा कीं या विषयावरील पहिला मोठा निवाडाहि एका मुठीचाच आहे. १८४१ सालीं अमेरिकेंत दाराच्या मुठीचें एक पेटंट दिलें गेलें. अशा मुठी तोंपर्यंत लांकडाच्या व धातूच्या होत. पेटंट घेणाऱ्यांनीं त्या मातीच्या किंवा चिनी मातीच्या केल्या. मूठ दांड्याला जोडण्याची पद्धति जुनीच होती. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १८५१ सालीं सांगितलें कीं एका द्रव्याच्या जागीं दुसरें अधिक चांगलें द्रव्य घालणें हें कुशल कारागिराचें काम आहे, शोधकाचें नव्हे. आपल्याकडे मिर्झापूरच्या पितळी भांड्यांवरून असाच वाद झाला. लेथवर घासतांना भांडें उडूं नये म्हणून त्याला पुढून टेकू देऊन घट्ट धरण्याची एक युक्ति होती व तिला पेटंट मिळालें होतें. १९७८ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें तें रद्द ठरविलें. टेकू देण्याचा तो भाग यंत्रशाळेंत आधींपासून माहीत होता, ही केवळ कारखान्यांतील सुधारणा आहे असें म्हटलें. हे दोन्ही निवाडे वाचतांना माझें मन न्यायाधीशांच्या बाजूला झुकतें. दाराची मूठ किंवा ताटाची पकड कोणा एकाची होऊन बसली असती तर तें मला आवडलें नसतें.

परंतु अडचण यापुढेंच आहे. परीक्षकाला जी गोष्ट ठरवावयाची असते ती अशी: अर्जापूर्वींच्या दिवशीं, अर्ज न वाचलेल्या माणसाला, ही कल्पना सुचली असती काय? आणि हें ठरविणारा माणूस तर अर्ज वाचूनच बसलेला असतो. अर्जानें त्याला शिकविलें; शिकल्यावर तो मागें वळून पाहतो आणि वाट सरळ दिसते. साधा न्यायाधीश एखादा अग्राह्य पुरावा बाजूला ठेवतो. येथें मात्र ज्या वस्तूचा न्याय करावयाचा तीच विसरून तिचा न्याय करावयाचा आहे. उखाण्याचें उत्तर एकदां कळल्यावर तो उखाणा पुन्हां अवघड वाटावा असें आपल्याला हुकमी करतां येत नाहीं. अज्ञान हें गमावल्यावर परत मिळत नाहीं, आणि येथें तर न्यायासाठीं तेंच हवें आहे.

यावर कायद्यानें एक गमतीचा माणूस कल्पिला आहे. त्यानें आपल्या विद्येंतील जगांतले झाडून सारे कागद वाचले आहेत, सर्व भाषांतले. पण त्याच्या ठिकाणीं प्रतिभा म्हणून नाहीं. (सर्व वाचलेला व कांहींच न सुचणारा असा मनुष्य न्यायालयाबाहेर कोणी पाहिला नसेल असें नाहीं, प्राध्यापकांच्या खोलींत तो क्वचित् आढळतो.) या माणसाला जें सुचेल तें उघड, न सुचेल तो शोध. २००७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें मोटारीच्या पायाखालच्या पेडलाचा खटला आला. पेडल जुनें, त्याची हालचाल ओळखणारा विजेचा सेन्सरहि जुना. दोहोंची जोडणी तेवढी नवी. खालच्या एका न्यायालयानें पेटंट राखलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें तें मोडलें आणि त्या कल्पित माणसाला थोडी बढती दिली. तो कांहीं कळसूत्री बाहुलें नव्हे, सामान्य माणसाइतकी कल्पकता त्यालाहि असते, असें ठरलें. युरोपांतील परीक्षक दुसरा एक भेद करतात, व मला तो अधिक सूक्ष्म वाटतो. तो माणूस अमुक गोष्ट करूं शकला असता काय, हें ते विचारीत नाहींत. त्यानें ती केली असती काय, हें विचारतात. करूं शकण्याजोग्या गोष्टी अगणित असतात. त्यांतल्या एकीकडेच तो कां वळला असता, याचें कारण परीक्षकानें जुन्या कागदांतून दाखवावयास हवें. अर्ज वाचून आपल्याला वाट सरळ दिसली, एवढें कारण पुरत नाहीं.

आतां तो निबंध. मिल्लनें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रांत आक्षेप घेतला आहे कीं संविधानाचा निष्कर्ष आधाराच्या विधानांत आधींच गृहीत धरलेला असतो, म्हणून त्यानें नवें ज्ञान होत नाहीं. या आक्षेपावर मीं वर्गाला निबंध लिहावयास सांगितला होता. या विद्यार्थ्यानें लिहिलें कीं दोन्ही विधानें माणसाला ठाऊक असलीं तरी तीं निरनिराळ्या कप्प्यांत पडलेलीं असतात. तीं एका मनांत, एका क्षणीं, शेजारीं शेजारीं येणें हेंच कष्टाचें काम आहे, आणि नवें जें होतें तें तेथें होतें. मीं समासांत तांबड्या शाईनें दोन शब्द लिहिले: "उघडच आहे." गुण बेताचे दिले. पुढें तीन वर्षांनीं हीच गोष्ट मी वर्गांत मोठ्या रंगानें सांगूं लागलों. कोठून आली हें मला आठवत नव्हतें. माझीच आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. त्या सायंकाळीं तो हंसला तेव्हां मला ती पानाची कड दिसली.

रात्रीं झोंप येईना म्हणून मीं अॅरिस्टॉटल काढला. त्याच्या अनुमानविषयक ग्रंथांत खेचराचें उदाहरण आहे. सर्व खेचरें वांझ असतात हें ज्याला ठाऊक आहे, आणि समोरचें जनावर खेचर आहे हेंहि ज्याला ठाऊक आहे, असा माणूससुद्धां दोहोंचा एकत्र विचार न केल्यामुळें तें गाभण आहे असें मानूं शकतो. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा मुद्दा तेवीस शतकांचा जुना होता. वाचून क्षणभर मला सुटल्यासारखें वाटलें, हें लपवीत नाहीं. पण तें फार वेळ टिकलें नाहीं. 'हें जुनें आहे, अमुक ठिकाणीं पाहा' असें मीं लिहिलें असतें तर तो न्याय झाला असता. तें विधान कागदाविषयीं असतें व तपासून पाहतां येतें. 'उघड आहे' हें मीं लिहिलें तें कशाविषयीं होतें? जो ग्रंथ मी वर्षानुवर्षें शिकवीत आलों त्यांतलें तें खेचर मला कधीं दिसलें नव्हतें. मग उघड तें कोणाला?

जुनें आणि उघड यांतला हा भेद आपल्या लोकांना एकदां महाग पडतां पडतां राहिला. १९९५ सालीं अमेरिकेंत हळदीनें जखम बरी करण्याचें पेटंट दिलें गेलें. आपल्याकडे आजीबाईच्या बटव्यांतली ही पहिली वस्तु. यावर वाद कसला, असेंच कोणीहि म्हणेल. परंतु परदेशांत एखादी गोष्ट नुसती वापरांत असणें त्या वेळच्या अमेरिकन कायद्याला पुरत नसे. छापील आधार लागे. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने ग्रंथ व नियतकालिकांतील लेख काढून दाखविले, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. आपण संतापून 'हें तर सर्वांना ठाऊकच आहे' एवढेंच म्हणत राहिलों असतों तर तें तसेंच राहिलें असतें. मागें आपल्याकडून मागितला गेलेला कागद आतां आपण दुसऱ्याकडून मागावा, हें मला त्रासाचें वाटत नाहीं.

आणखी एक गोष्ट या व्यवहारांत मला बोंचते. अर्ज केल्यापासून अठरा महिन्यांनीं तो प्रसिद्ध होतो. पुढें हक्क मिळो वा न मिळो, मूठ उघडलेलीच राहते. ती पुन्हां मिटतां येत नाहीं. नकार योग्य असेल तर यांत अन्याय नाहीं, कारण मुठींत लोकांचेंच होतें. पण नकार चुकला असेल तर त्या माणसानें सर्वस्व दाखविलें आणि आपण पाहून घेतल्यावर म्हणालों, 'एवढेंच?' निबंध परत देणारा प्राध्यापक याहून फार निराळें करतो असें मला आतां म्हणवत नाहीं.

अहवालाला उत्तर देण्यास सहा महिन्यांची मुदत असते. दोन रविवार आम्ही दोघे तो अर्ज घेऊन बसलों. त्याचा पहिला दावा फार पसरट होता: कोणत्याहि वस्तूच्या मुठीला अशी पट्टी बसविणें. तो सोडून दे, असें मीं सांगितलें. पकड मोजण्याची हौस जुनी आहे. रेन्ये या फ्रेंच यंत्रकाराचें बलमापक १७९८ सालचें, आणि गाल्टननें १८८४ च्या लंडनच्या प्रदर्शनांत हजारों लोकांच्या मुठींचा जोर मोजला होता. हात नुसता जवळ आल्यानें विजेंत होणारा बदल तर थेरेमिननें वाद्यांत वापरला व १९२८ सालीं त्याचें अमेरिकन पेटंट घेतलें. ही सार्वजनिक वाट आहे. तिच्यावर तुझें दार लावूं नकोस. त्याला वाईट वाटलें, पण पटलें.

मग आम्हीं तो पिस्तुलाचा कागद पुन्हां वाचला, आणि मला पहिल्या सायंकाळीं न दिसलेली गोष्ट दिसली. पिस्तुलाच्या मुठीला पकड बदललेली आढळली तर ती म्हणते, हा माणूस निराळा आहे. काठीच्या मुठीला तीच खूण आढळली तर ती म्हणते, माणूस तोच आहे, पण तो ढासळत आहे. मोजमाप एकच आणि त्यावरून काढलेला अर्थ उलटा. पहिल्या कागदापासून या अर्थाकडे जाण्याचें कारण त्या तीन कागदांत आम्हांला कोठें आढळलें नाहीं. परीक्षकाला तें दुसरीकडे आढळेलहि. आढळलें तर त्यानें तो कागद दाखवावा, एवढेंच आम्हीं नम्रपणें लिहिलें. 'उघड' हा शब्द त्या उत्तरांत मीं एकदांहि येऊं दिला नाहीं.

उत्तर पाठवून दोन महिने झाले, अद्याप कांहीं कळलेलें नाहीं. आजीबाई मात्र ती काठी वापरतात, आणि तिच्या गुणगुणण्याला कंटाळून कधीं कधीं ती भिंतीशीं टेकवून ठेवतात असें तो सांगत होता. जातांना त्यानें सहज विचारलें, तो निबंध अजून माझ्याजवळ आहे काय. मीं कपाट उघडून पाहिल्यासारखें केलें. त्या वर्षींचे सगळे निबंध परीक्षेनंतर रद्दींत गेले होते.