आधी पान, मग नाव

डोळे मिटू नका. उघड्या डोळ्यांनीच कल्याणची खाडी समोर आणा. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याचं पाणी, ओहोटीला उघडा पडणारा चिखल. घाई नाही. पाणी नीट दिसलं की पुढे वाचा.

पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' हा समुद्रमार्गांचा वाटाड्या लिहिला. भडोचनंतरची बंदरं सांगताना तो सोपाऱ्याचं नाव घेतो, आणि मग कल्लिएनाचं. हे आपलं कल्याण. पूर्वी इथे रीतसर व्यापार चाले, पुढे बंदरावर निर्बंध आले, असं तो सांगतो. आता एखादं ग्रीक गलबत इथे लागलंच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याचा संभव.

इथे थांबा. त्या गलबतावरच्या एका खलाशाला मनात आणा. जुलैत इजिप्त सोडलेलं, नैऋत्येच्या वाऱ्यावर अख्खा समुद्र ओलांडलेला. जमीन दिसली, आणि पाठोपाठ पहारेकरी. त्याच्या कानांवर होमर बहुधा पडला असेल; त्या काळी ग्रीक मुलं होमरच्या ओळींवर वाचायला शिकत.

ग्रीक वाङ्मयाकडे वळताना देवांच्या वंशावळीत आधी शिरू नये, असं मला ठामपणे वाटतं. दारात आलेल्या परक्याचं काय करायचं, या प्रश्नापासून सुरुवात करावी. होमरची 'ओडिसी' हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. एकडोळ्या राक्षस पॉलिफेमस आपल्या गुहेत नायक ओडिसियस आणि त्याची माणसं दिसताच विचारतो, तुम्ही कोण? थोड्याच वेळात त्यांतल्या दोघांना खाऊन टाकतो. फेएशियन राजा अल्किनूसच्या घरी मात्र ओडिसियस चुलीजवळच्या राखेत बसतो, आणि राजा स्वतः त्याचा हात धरून त्याला आसनावर बसवतो. हात धुवायला पाणी येतं, जेवण येतं. दुसऱ्या दिवशी गायक ट्रॉयची कथा गातो, पाहुणा अंगरख्यात तोंड लपवून रडतो. ते रडणं राजाच्या लक्षात येतं. तेव्हा कुठे तो नाव विचारतो.

हा क्रम मनात हळूहळू फिरवा. पाणी, पान, गाणं, अश्रू, मग नाव. तुमच्या दारात हा क्रम कसा असतो? सोसायटीच्या फाटकावर वहीत आधी काय लिहून घेतात? उत्तर लगेच देऊ नका.

आता खाडीवरून बोरघाटाकडे या. कार्ल्याच्या चैत्यगृहात काही खांबांवर धेनुकाकट या ठिकाणच्या यवनांची, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीकांची, दानं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. एका यवनाला बंदरातून पहाऱ्यात नेतात, दुसऱ्याचं नाव आपल्या लेण्यातल्या खांबावर कोरलं जातं. दोघांनाही थोडा वेळ शेजारी बसू द्या.

मग 'ओडिसी'चा सहावा सर्ग उघडा, आणि एका बैठकीत एकच सर्ग वाचा.