करपा, बुलडोझर आणि एकावन्न टक्के

अमेरिकेतली बाराशेच्या आसपास शहरं आणि काउंट्या दरवर्षी एकाच जातीचा ठराव करतात. वस्तीसुधारणा आणि रोजगारासाठी वॉशिंग्टनहून येणारा निधी कशावर खर्चायचा, त्याचा आराखडा मंजूर करण्याचा. आधी तो आराखडा तीस दिवस लोकांपुढे ठेवायचा, जनसुनावणी घ्यायची, मग विषय सिटी कौन्सिलपुढे आणायचा. इथे फुटपाथ, तिथे म्हातारीच्या घराचं गळकं छप्पर, शाळा सुटल्यावर मुलांना बसायला जागा, एखाद्या छोट्या धंद्याला कर्ज. हात वर होतात, विषय संपतो. येणाऱ्या पैशाला नाही कोण म्हणेल?

या निधीचं नाव कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट, बोलण्यात सीडीबीजी. नावाइतकाच त्याचा आराखडाही रुक्ष असतो. तरी मी तो वाचतो, त्यातल्या टक्केवारीसाठी. सत्तर टक्के, एकावन्न टक्के. कारकुनी वाटणारे हे आकडे म्हणजे एका लांबलेल्या भांडणात वेळोवेळी झालेल्या तडजोडी आहेत. भांडण असं: सुधारायचं काय, जागा की माणूस?

सुरुवात झाली ती जागेपासून, आणि एका उसन्या शब्दापासून. ‘ब्लाइट’ म्हणजे आपला करपा, बटाट्यावर, कांद्यावर पडतो तो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी नगररचनाकारांनी तो जुन्या, दाट, गरीब वस्त्यांना लावला. शब्दाबरोबर उपचारही ठरून जातो. करपा म्हटलं की भाडं, मजुरी, घरमालक हे प्रश्न मागे पडतात आणि रोग पसरू नये एवढंच काम उरतं. पण शेतकरी करपलेली पानं तोडतो, औषध मारतो, शक्य तेवढं पीक वाचवतो. 1949 च्या गृहनिर्माण कायद्याने शहरांना अख्खं शेत नांगरायला पैसे दिले. जमीन सक्तीने घ्यायची, घरं पाडायची, मोकळी जागा बिल्डरला स्वस्तात द्यायची. या व्यवहारात जी तूट येईल तिचा दोन-तृतीयांश भाग वॉशिंग्टन सोसणार. राजधानीतल्याच एका दुकानदाराने तक्रार केली, की माझं दुकान धडधाकट आहे, ते का पाडता? 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की पूर्ण भाग सुधारायचा तर त्यातली चांगली इमारतही घेता येते. म्हणजे रोग झाडाला नाही, वावराला.

बोस्टनच्या वेस्ट एंडचं असंच झालं. इटालियन, ज्यू, पोलिश कुटुंबांची दाट चाळवजा वस्ती. हर्बर्ट गान्स हा समाजशास्त्रज्ञ 1957-58 मध्ये तिथे राहायला गेला, तेव्हा त्याला दिसलं ते भक्कम शेजारपणाचं गाव. 1962 च्या ‘द अर्बन व्हिलेजर्स’मध्ये त्याने ते मांडलं. पुस्तक येईपर्यंत गाव उरलं नव्हतं. सुमारे 2,700 कुटुंबं उठवली गेली, जागेवर चढ्या भाड्याचे टॉवर आले. बाहेरच्या रस्त्यावर वाहतुकीच्या कोंडीत अडकलेल्यांसाठी पुढे तिथे एक जाहिरातफलक लागला: तुम्ही इथे राहत असता, तर एव्हाना घरी पोचला असता. लिहिणाऱ्याच्या मनात काही कुत्सित नसावं. पण तिथून उठवलेल्या कुणी तो वाचला असेल, तर काय वाटलं असेल!

देशभर अशी उठवाउठव झाली आणि तिचा मोठा भार कृष्णवर्णीयांवर पडला. मग 1964 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनच्या गरिबीविरोधी कायद्यात एक कलम आलं: कार्यक्रम राबवताना गरिबांचा शक्य तितका जास्त सहभाग असावा. ज्यांनी मसुद्यात ते घातलं त्यांनाही त्याच्या ताकदीचा अंदाज नव्हता. पैसा थेट वस्तीतल्या संस्थांकडे जाऊ लागला, त्या संस्था महापौरांच्याच दारात मोर्चे नेऊ लागल्या, आणि महापौर वॉशिंग्टनला फोन करू लागले. तीन वर्षांत कायदा दुरुस्त झाला, दोऱ्या पुन्हा महापालिकांच्या हाती आल्या. 1966 च्या ‘मॉडेल सिटीज’ योजनेत सहभाग ठेवला, पण महापौरांच्या छत्राखाली.

या योजनेवर सरकारी खात्यात काम केलेल्या शेरी आर्नस्टीन या बाईंनी 1969 मध्ये लोकसहभागाची एक शिडी मांडली. आठ पायऱ्या: तळाला लोकांना बनवणं, माथ्यावर लोकांच्या हाती कारभार. जनसुनावणी येते मधल्या पायऱ्यांवर. तुमचं ऐकून घेतलं जाईल. त्याचं पुढे काय करायचं ते आम्ही पाहू. सीडीबीजीची सुनावणी आज पन्नास वर्षांनंतरही त्याच पायरीवर उभी आहे, आणि मला नाही वाटत ती चुकून तिथे थांबली. महापौरांना तीच पायरी हवी होती.

राष्ट्राध्यक्ष निक्सनने 1973 च्या जानेवारीत गृहनिर्माणाच्या अनुदान योजना गोठवल्या. त्याचं म्हणणं, वॉशिंग्टनने एकगठ्ठा रक्कम द्यावी आणि खर्चाचं गावाने ठरवावं. त्यातून वेगवेगळ्या योजना एकत्र बांधून सीडीबीजी तयार झाली. ऑगस्ट 1974 मध्ये सही करायची वेळ आली तेव्हा निक्सन पायउतार झालेला होता. सही त्याच्या जागी आलेल्या जेराल्ड फोर्डची. रक्कम अर्जाच्या चढाओढीवर नाही, सूत्रावर ठरणार होती: लोकसंख्या, गरिबी, घरांतली दाटी. या सूत्राने जुन्या औद्योगिक शहरांचं नुकसान होतंय अशी ओरड झाल्यावर 1977 मध्ये दुसरं सूत्र आलं, त्यात 1940 च्या आधीच्या घरांना वजन. गंमत अशी, की जुनं घर म्हणजे गरिबाचं घर हे समीकरण पुढे मोडलं. दगडी, डौलदार, महागड्या घरांची उपनगरंही त्या सूत्राचा लाभ घेतात.

गावाने ठरवावं हे बोलायला ठीक, पण गावात कुणी? पहिल्याच वर्षांत लिटल रॉक शहराने या निधीतून सधन भागात टेनिस कोर्ट बांधलं. अशी उदाहरणं साठत गेली तशी अमेरिकी काँग्रेसने एकेक पाचर मारली. निम्न आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या वाट्याला किती खर्च जावा? 1983 मध्ये निम्म्याहून थोडा जास्त, 51 टक्के; 1987 मध्ये 60; 1990 मध्ये 70. बुलडोझरच्या काळात वस्तीतली माणसं हिशेबातच नव्हती. आता त्यांना मोजायला लागलं. तेही कसं, तर ज्या भागातले 51 टक्के रहिवासी त्या उत्पन्नगटात, त्या भागातला रस्ता गरिबांच्या खाती जमा. रस्त्यावरून कुणाची गाडी जाते, रस्ता झाल्यावर कुणाचं भाडं वाढतं, हे रकान्यात मावत नाही.

रोजगार या गोष्टीत थोडा उशिरा नीट शिरला. 1968 च्या गृहनिर्माण कायद्यात तिसरं कलम होतं, की केंद्राच्या पैशातून जिथे बांधकाम होईल तिथल्या कमी उत्पन्नाच्या लोकांना कामात संधी मिळावी. बराच काळ ते कागदावरच राहिलं. सीडीबीजीतून धंद्याला मदत द्यायची आणि ती रोजगाराच्या खाती दाखवायची, तर तयार होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निदान 51 टक्के त्याच उत्पन्नगटाला मिळाव्या लागतात, आणि एकूण हिशेबात 35,000 डॉलरमागे एक तरी पूर्णवेळ नोकरी दिसावी लागते. बोस्टनने 1983 मध्ये आणखी पुढची मजल मारली. शहराच्या मदतीच्या बांधकामांवर कामाचे निम्मे तास शहरातल्या रहिवाशांना, पाव अल्पसंख्याकांना, दहा टक्के महिलांना द्यायचे, असा शहराचा कायदाच केला. मला हा टप्पा महत्त्वाचा वाटतो. रस्ता कुणासाठी, याच्या जोडीला तो कुणाच्या हातून होतोय, हा प्रश्न इथे आला.

निधीचं म्हणाल, तर आज तो तीन अब्ज डॉलरच्या थोडा वर आहे. 1979 मध्येही आकडा याहून कमी नव्हता, त्यामुळे मधली महागाई धरली की काय उरतं ते दिसतंच. 2017 मध्ये ट्रम्प सरकारने तो शून्यावर आणायचा प्रस्ताव ठेवला. काँग्रेसने मानला नाही, कारण दोन्ही पक्षांचे महापौर आडवे येतात. कौन्सिलमध्ये दोन मिनिटांत संपणाऱ्या विषयाचे पाठीराखे असे गावोगाव आहेत.

पुन्हा बोस्टनकडे. वेस्ट एंड पाडणाऱ्या प्राधिकरणानेच 1988 मध्ये एक अजब निर्णय घेतला. रॉक्सबरीतल्या डडली स्ट्रीट भागात घरमालकांनी टाकलेल्या, आगींत जळालेल्या घरांच्या मोकळ्या प्लॉटांवर बाहेरचे लोक कचरा आणून ओतत. 1984 मध्ये रहिवाशांनी संघटना बांधली आणि पुढे मागणी केली, की सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकारच आम्हाला द्या. तो मिळाला. जमीन लोकांच्या ट्रस्टकडे गेली, तिच्यावर घरं उभी राहिली, आणि विकताना त्यांची किंमत आवाक्याबाहेर जाणार नाही अशी कायमची अट घातली गेली. कायद्यातलं शस्त्र तेच, पण या वेळी ते धरणारे हात वस्तीतले होते. तिथे एका जुन्या गॅरेजच्या जागेवर 2010 पासून दहा हजार चौरस फुटांचं हरितगृह चालतं. आजूबाजूच्या कुटुंबांना आत भाजी लावायला वाफे मिळतात, आणि रोग पडलाच तर कुठलं पान तोडायचं ते वाफेवालाच ठरवतो.