हात दिसेल अशी जागा

क्रीडा बातमीदारीतला माझा पहिला धडा एका चुकीतून मिळाला. सांगली जिल्ह्यातल्या एका जत्रेचं कुस्ती मैदान होतं. शेवटची मोठी कुस्ती घिस्सा डावावर निकाली झाली, असं मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. त्या भागातले एक जुने वस्ताद शेजारी येऊन बसले. पेपर हातातच होता. म्हणाले, "पत्रकार, घिस्सा कुठं दिसला तुमास्नी? पोकळ घिस्सा हुता त्यो. तुम्ही हलगीवाल्यापाशी बसला हुता. तिथनं पाठ दिसती, हात दिसत न्हाई." मग माझ्याही चहाचे पैसे देऊन ते निघून गेले.

पुढं काही वर्षं मी एका मोठ्या दैनिकाच्या क्रीडा विभागात काढली. चुका तिथंही केल्या. पण चहा पाजून चूक दाखवणारं तिथं कुणी भेटलं नाही. जिल्ह्याच्या छोट्या दैनिकाकडं आपण उमेदवारीची जागा म्हणून बघतो. पोरानं दोन वर्षं तिथं हात बसवावा आणि पुण्या-मुंबईला जावं, अशी रीत. मला मात्र अलीकडं वाटू लागलंय की खेळावर लिहिणाऱ्याची खरी परीक्षा याच जागी होते, आणि ही परीक्षा चुकवून पुढं गेलेल्यांच्या लेखनात काहीतरी कच्चं राहून जातं.

छोट्या दैनिकाची बाजू घेणारे सहसा दोन गोष्टी सांगतात. नाव लवकर छापून येतं आणि सगळी कामं करायला मिळतात. दोन्ही खरं आहे. सकाळी शालेय कबड्डी, दुपारी तालीम मंडळांचा फुटबॉल, संध्याकाळी खो-खोची निवड चाचणी, रात्री स्वतःच पान लावायचं, हा क्रम मी वर्षानुवर्षं केला. लोण कधी पडतो आणि बोनस कधी मिळतो, हे मैदानाच्या कडेला बसून पंचांना विचारत शिकलो. पण हे सगळे बातमीदाराचे फायदे झाले. मला महत्त्वाचा वाटतो तो वाचक. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालीम मंडळांचा फुटबॉल सामना झाला, की दुसऱ्या दिवशी बातमी वाचणाऱ्यांतले कितीतरी जण आदल्या दिवशी गॅलरीत बसलेले असतात. त्यांना निकाल आधीच ठाऊक असतो. पेपर ते उघडतात तो बातमीदाराला सामना कळला की नाही, हे तपासायला.

आता कुणी म्हणेल, क्रिकेटचा सामनाही वाचकानं टीव्हीवर पाहिलेलाच असतो. मग फरक काय? एक फरक असा की टीव्हीवर लेखक आणि वाचक एकच चित्र बघतात. कॅमेऱ्यानं दाखवलं तेवढंच दोघांना दिसतं. मैदानावर प्रत्येकाची जागा वेगळी, त्यामुळं प्रत्येकाची साक्षही वेगळी. दुसरा फरक त्याहून मोठा. वानखेडेवरच्या सामन्याची नोंद जगभर शंभर ठिकाणी राहते. तालुक्याच्या खो-खो स्पर्धेत एखाद्या मुलीनं तीन मिनिटं संरक्षण केलं, तर त्याचा गुणतक्ता संघटनेच्या फायलीत जातो आणि लोकांपुढं उरते ती पेपरातली एक ओळ. शासकीय नोकरीतल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणासाठी प्रमाणपत्रच लागतं, कात्रण चालत नाही. पण बूट घेऊन देणारा दुकानदार, प्रवासखर्च देणारा सोसायटीचा चेअरमन आणि मुलीला बाहेरगावी पाठवायला का-कू करणारी आजी यांना पटतं ते कात्रणच.

जवळून पाहणाऱ्याला आधी कळतं, ही गोष्ट आपल्याकडं जुनी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबांना कुस्ती खेळताना ज्यांनी पाहिलं होतं, त्यांनी पदकाची वाट पाहिली नाही. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन ते परतले. अर्जुन पुरस्कार मात्र 1984 मध्ये ते गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी मिळाला. आजही फार बदललेलं नाही. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला वयाच्या 17 व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं. असं काही घडलं की मोठ्या शहरांतून जिल्ह्याच्या बातमीदाराला फोन सुरू होतात: जुना फोटो आहे का, पहिले प्रशिक्षक कोण, गाव नेमकं कुठं? त्या दिवशी मोठ्या दैनिकाची बातमी उभी राहते ती छोट्या दैनिकाच्या जुन्या अंकांवर.

माझ्या म्हणण्याविरुद्ध एक वजनदार दाखला आहे, तो टाळता येणार नाही. मराठीत खेळाचं स्वतंत्र पान रुजवलं ते वि. वि. करमरकर यांनी, आणि तेही 'महाराष्ट्र टाइम्स'सारख्या मुंबईच्या मोठ्या दैनिकात. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना त्यांनी त्या पानावर मानानं बसवलं. म्हणजे मोठ्या दैनिकात हे जमतच नाही, असं नाही. पण तिथं ते जमायला करमरकरांसारखा जिद्दीचा माणूस लागला. छोट्या दैनिकात ते गरजेपोटीच होतं. आयपीएलच्या बातमीत आपण टीव्हीच्या पुढं जाऊ शकत नाही, हे मालकालाही कळतं. स्वतःचं म्हणून देण्यासारखं त्याच्याजवळ असतं ते गावातलं मैदानच.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. जवळीक जशी डोळे उघडते, तशी जीभही बांधते. स्पर्धेचा आयोजक हाच पुढारी असतो आणि त्याच्याच वाढदिवसाच्या पुरवणीवर महिन्याचे पगार निघतात. म्हणून बातमीची सुरुवात 'यांच्या शुभहस्ते'नं होते, मग प्रमुख पाहुण्यांची, मग उपस्थितांची यादी. खेळाडू येतात शेवटच्या परिच्छेदात. आणि जागा कमी पडली की कात्री शेवटूनच चालते.

हे पाप मीही केलंय. एकदा उपस्थितांची सगळी नावं राखली आणि अंतिम सामन्यातल्या सर्वोत्कृष्ट संरक्षक मुलीचं नाव उडालं. दुपारी तिचे वडील कार्यालयात आले. रागावले नाहीत. घडी घातलेला पेपर टेबलावर ठेवून म्हणाले, "नाव ऱ्हायलं जणू. उद्या येईल का? आलं तर पाच अंक बाजूला ठेवा." दुसऱ्या दिवशी दोन ओळी गेल्या, त्यांनी मोजून पाच अंकांचे पैसे दिले. तेव्हापासून मी पाहुण्यांना शेवटच्या परिच्छेदात नेऊन बसवलं. दोन आयोजक रुसले, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं. मोठ्या दैनिकाच्या इमारतीत त्या वडिलांना आधी फाटकावरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागलं असतं आणि कुणाला भेटायचंय तेही सांगावं लागलं असतं. इथं दार उघडं होतं. ज्या जवळिकीनं मला पाहुण्यांची नावं राखायला लावली, तिनंच ती चूक माझ्या टेबलावर आणून ठेवली.

अर्थात उघड्या दारानं पोट भरत नाही. अंशकालीन बातमीदाराला पेट्रोलपुरतंही मानधन न देता त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा करणं हा अन्याय आहे, आणि चांगली माणसं शहराकडं जातात त्याचं कारणही बहुतेक तेच असतं. छोटं दैनिक चांगली जागा आहे, हे म्हणताना ती स्वस्त जागा राहावी, असं मला मुळीच म्हणायचं नाही. मालकांनी या कामाकडं पुरवणीची भरती म्हणून पाहणं सोडलं, तर पुष्कळ जण थांबतील.

त्या टपरीवरच्या सकाळनंतर पुढच्या मैदानाला मी वस्तादांच्या बाजूला जाऊन बसलो. तिथं ऊन तोंडावर येतं. हलगीचा ठेका लांबून ऐकू येतो आणि बातमीची सुरुवात सजवायला हाती काही लागत नाही. पण पैलवानांचे हात दिसतात.